ध्रुवप्रदेशांतील वाणसामान

पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलें. त्यामुळें कोणतीही सरकारी योजना कानीं पडली कीं तिचें उदाहरण मांडून पाहण्याची मला खोडच लागली आहे. असेंच एक उदाहरण आज आपल्यापुढें ठेवावयाचें आहे. तें आहे दूरच्या कॅनडा देशांतलें.

उमेदीच्या काळांत मी सह्याद्रीच्या कुशींतील एका खेड्यांत शिक्षक होतों. ओढ्याला पूर आला कीं बाजाराची वाट बंद होई, आणि गांवांतील एकुलता एक वाणी सांगेल तो तेलाचा भाव ठरे. पण पाणी ओसरलें कीं आम्ही बाजार गांठीत असूं, आणि वाण्याचा भावही उतरे. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशांत मात्र ही वाट बाराही महिने बंदच असते.

१९९९ सालीं निर्माण झालेल्या या प्रदेशाचा विस्तार सुमारे २० लाख चौरस किलोमीटर. वस्ती मात्र, २०२१ च्या जनगणनेप्रमाणें, ३७ हजारांच्या आंतच. रहिवासी बहुतेक इनुइट लोक. एकंदर गांवें २५. पण एकाहि गांवाहून दुसऱ्या गांवीं जाणारा रस्ता नाहीं. उन्हाळ्यांत समुद्रावरील बर्फ वितळलें म्हणजे जहाजें येतात व पीठ, साखर, इंधन यांचा वर्षाचा साठा उतरवून जातात. दूध, फळें, भाजीपाला या नाशिवंत वस्तूंना विमानावांचून गत्यंतर नाहीं. मग भाव आकाशाला भिडले तर नवल काय? २००७-०८ मध्यें झालेल्या पाहणींत, तेथील शाळेंत न जाणाऱ्या लहान इनुइट मुलांपैकीं दर दहांत सुमारे सात मुलें पुरेशा अन्नाची शाश्वती नसलेल्या घरांत राहत असल्याचें आढळलें.

सरकार स्वस्थ बसलें होतें असें नाहीं. पूर्वी तें टपालखात्यामार्फत विमानवाहतुकीच्या खर्चाचा भार सोशीत असे. १ एप्रिल २०११ पासून ती पद्धत जाऊन ‘न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा’ ही योजना आली. आतां अनुदान मिळतें तें दुकानदारांना व माल पुरविणाऱ्यांना, मालाच्या वजनावर. आणि त्यांनीं तें ग्राहकाच्या भावांतून वजा करावें अशी अपेक्षा.

येथें माझें त्रैराशिक सुरू होतें. दुकानदाराला एक डॉलर मिळाला, तर दुधाचा भाव कितीनें उतरेल? वर्गांतील कोणताही मुलगा हात वर करून सांगेल, ‘एक डॉलरनें, गुरुजी!’ पण २०१४ सालीं कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनीं स्पष्ट सांगितलें कीं, पूर्ण अनुदान ग्राहकापर्यंत पोंचतें कीं नाहीं याची खातरजमा खात्यानें केलेलीच नाहीं; दुकानदाराचा नफा किती, ही माहिती देण्याचें बंधनहि त्याच्यावर घातलेलें नव्हतें. पुढें २०२३ सालीं संशोधकांनीं हिशेब मांडला, तेव्हां उत्तर निघालें ६७ सेंट. जेथें एकच दुकान, तेथें उत्तर याहूनहि लहान.

दुकानदार दुष्टच असतो असा याचा अर्थ नव्हे. त्या थंडींत दुकान उबदार ठेवणें, माणसें नेमणें, वर्षाचा माल सांठविणें या गोष्टी खर्चाच्या आहेत. शिवाय ६७ सेंटांची सूटहि गरिबाच्या घरीं लहान नव्हे. परंतु उरलेले ३३ सेंट ज्या बाळाच्या दुधासाठीं निघाले होते, त्याच्या वाटींत ते पडले नाहींत, हें विसरून चालणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. सील, कॅरिबू व मासे हें या लोकांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें अन्न. तें विमानानें येत नाहीं. पण आज त्याच्या शिकारीलाहि बर्फावरची गाडी, इंधन व काडतुसें लागतात. २०२० पासून या शिकारीसाठींहि सरकारी साहाय्य मिळूं लागलें. एकुलत्या दुकानाचें दार ज्याला टाळतां येतें, त्याच्याशीं दुकानदारहि बेतानें वागतो, हें आमच्या ओढ्याकांठच्या वाण्यानें मला पूर्वींच शिकविलें होतें.

श्रोतेहो, साहाय्याची रक्कम मंजूर झाली म्हणजे उदाहरण सुटलें असें आपण मानतों. वस्तुतः तेथें उदाहरणाची पहिलीच पायरी संपते. पैसा ज्या हातीं पडतो, त्या हाताला शेजारच्या दुकानाची चढाओढ तरी हवी, नाहींतर हिशेब तपासणाऱ्याचा धाक तरी हवा. दोन्ही नसतील, तर उत्तर चुकणारच. आणि त्या चुकीचे गुण कापले जातात ते गरिबाच्या ताटांतून.