आधी मागच्या सीटवर बसा

आमच्या हिंजवडीच्या गटातल्या एका ताईंना सात सीटची गाडी घ्यायची होती. दोन-तीन शोरूम पाहिली. घरचे पुरुष स्टिअरिंगपाशीच रमले. आम्ही चौघी थेट शेवटच्या रांगेत. तिथं बसणार आपणच ना!

ट्रायबरमध्ये सातही सीट लावल्या तर सामानाला ८४ लिटर जागा, म्हणजे दोन-तीन पिशव्या. शेवटच्या सीट काढल्या की ६२५ लिटर, पण माणसं पाचच. अर्टिगा लांबीला जास्त. मधली सीट पुढं सरकवली की मागं पाय मावतात. तरी बैठक खाली, गुडघे वर येतात. ईकोचं सरकतं दार मात्र लुगड्यातही सोयीचं.

ताईंच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. दुसऱ्या दिवशी त्यांनाच नेलं, दोनदा चढवलं-उतरवलं. मगच बुकिंगचे पैसे भरले.