फिरत्या घराची सरकती खोली



अध्यात्म आणि अर्थकारण पचवलेल्या या व्यासपीठावर मी आज मोटारघराच्या, म्हणजे आरव्हीच्या, तेलपाण्याविषयी बोलणार आहे. पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत. तिथे गेलं की “बाबा, या उन्हाळ्यात आरव्ही भाड्याने घेऊन यलोस्टोनला जाऊ” हा बेत कधी ना कधी निघतोच. त्या गाडीचं सगळ्यात नाजूक दुखणं कोणतं, ते आधी ठाऊक असलेलं बरं.

तिथल्या महामार्गांवर आरसे सोडून गाडीची रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. त्यापुढे परवानगी नाही. तेवढ्यात पलंग, ओटा आणि सोफा बसवला की माणसाने आडवं होऊनच फिरायचं. १९९० साली इंडियाना राज्यातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने यावर तोडगा बाजारात आणला. गाडी उभी केली की भिंतीचा एक भाग, आतल्या सोफ्यासकट, टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकवायचा. हीच ती स्लाइड-आउट, म्हणजे सरकती खोली, आणि हेच ते नाजूक दुखणं. नॅपनी आणि शेजारचं एल्कहार्ट हे या धंद्याचं माहेरघर. गंमत म्हणजे तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक काम करतात, आणि ते स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात! असो.

हलकी खोली विजेच्या मोटरवर सरकते, जड खोलीला हायड्रॉलिक लागतं. पास्कलचा नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकलाय. चार सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो धरला, तर जोर झाला पावणेदोन टन. मात्र हा जोर बाहेर ढकलतानाचा. आत ओढताना दट्ट्याच्या त्या बाजूची काही जागा दांड्याने व्यापलेली असते, म्हणून तेवढ्याच दाबाला जोर कमी मिळतो. बाहेर मुकाट्याने गेलेली खोली परत येताना कुरकुरते, त्यामागे हेही कारण असू शकतं.

आता मुद्द्याचं. हायड्रॉलिकच्या बऱ्याचशा तक्रारी तेलाच्या नसतातच, विजेच्या असतात. पंपाची मोटर बारा व्होल्टची, पण ती सुरू झाली की शंभर-शंभर अँपिअर ओढते. बॅटरी मरगळलेली असेल किंवा अर्थिंगच्या तारेचं टोक गंजलेलं असेल, तर बटण दाबल्यावर नुसती टकटक ऐकू येते. लोक लगेच टाकीत तेल ओततात. अहो, आधी मीटर लावा! पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली. तारांची टोकं घासून घट्ट करा. कॅम्पग्राउंडच्या विजेला गाडी जोडा किंवा इंजिन चालू ठेवा, मगच बटणाला हात लावा.

आणि बटण दाबलं की शेवटपर्यंत दाबून ठेवायचं. खोली टेकली तरी आणखी दोन-तीन सेकंद, म्हणजे दोन्हीकडच्या सिलिंडरांत दाब पुरता भरतो. अर्ध्यात सोडायची सवय लागली की एक बाजू मागे राहते आणि खोली तिरकी बसते.

तेल पाहायचं ते सगळ्या खोल्या आणि गाडी समतल ठेवणारे हायड्रॉलिक जॅक आत असताना. सगळं बाहेर असताना बरंचसं तेल सिलिंडरांत गेलेलं असतं. टाकी रिकामी दिसली म्हणून काठोकाठ भरलीत, तर खोली आत घेताना ते सारं परत येतं आणि टाकीच्या तोंडातून वाहतं. पुष्कळ गाड्यांत लाल रंगाचं ट्रान्समिशन ऑइल असतं, तरी कंपनीचं पुस्तक बघूनच घ्या. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, काळपट होऊन करपट वास आला तर ते तापून गेलंय. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको, त्याने आतली सिलं फुगून निकामी होतात.

गळती शोधायला पाइपावरून बोट फिरवू नका. सुईच्या छिद्रातून दाबाने निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याइतकीच खूण दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर थेट इस्पितळ गाठायचं. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा, डाग पडेल तिथे गळती.

कडेच्या रबरी पट्ट्यांना पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, रबर बिघडतं. रबराचं खास द्रव्य मिळतं, ते फडक्याने लावा. रुळांना ग्रीसऐवजी कोरडा स्प्रे, कारण ग्रीसला धूळ चिकटते. खोली आत घेण्याआधी शिडी लावून छतावरचा पाचोळा झाडा, तो रबरात अडकला की फटीतून पाणी झिरपतं आणि खालची लाकडी फळी कुजते. माझ्या मते तेलगळतीपेक्षा हे जास्त महागात पडतं.

आता भाड्याने गाडी घेणाऱ्यांसाठी. किल्ली हातात घेण्याआधी मालकाला विचारा, पंप कुठे आहे आणि वीज गेली तर खोली आत कशी घ्यायची. बऱ्याच पंपांवर एका झाकणाखाली षटकोनी टोक असतं. मालकाने सांगितलेला व्हॉल्व्ह हाताने फिरवून त्या टोकाला ड्रिल लावलं की खोली हळूहळू आत येते. काम झालं की तो व्हॉल्व्ह पूर्ववत करायला विसरू नका, प्रवासात खोली अडकवून ठेवणारं कुलूप असेल तर तेही लावा. नाहीतर सत्तर मैलांच्या वेगात तुमचा सोफा शेजारच्या लेनमध्ये डोकावेल.