चढणारे आणि चढवणारे



संतसाहित्य, नाटक, सीमाभागातील मराठी शाळा असे विषय ज्या व्याख्यानमालेत होतात, तिथे एका होमिओपॅथी डॉक्टराने एव्हरेस्टवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. कारण सांगतो. माझ्याकडे फिटनेस सर्टिफिकेट मागायला पूर्वी लोक यायचे ते नोकरीसाठी किंवा विम्यासाठी. आता पन्नाशीची जोडपी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचे म्हणून येतात, आणि अधूनमधून एखादा तरुण खुद्द शिखराचे नाव काढतो. घरचे विचारतात, "डॉक्टर, पाठवू का?" एक सही करून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते नीट देता यावे म्हणून आजचे हे बोलणे.

मी शिखर चढलेलो नाही. बेस कॅम्पपर्यंतची वाट तेवढी माझ्या पायाखालची आहे. त्यावरचे जे सांगेन ते वाचलेले आणि चढून आलेल्यांना विचारून घेतलेले आहे.

आज एव्हरेस्टवर जाणारे बहुसंख्य लोक कंपनीला पैसे देऊन जातात. परवाना, तंबू, स्वयंपाकी, दोर, ऑक्सिजन, सोबतीचा शेर्पा, सगळे त्या पैशांत येते. नेपाळ सरकारचा परवानाच माणशी ११,००० डॉलर होता, तो सप्टेंबर २०२५ पासून १५,००० डॉलर झाला. एकूण खर्च तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात सहज जातो. असा पैसा भरून येणाऱ्याला तिथे 'क्लाएंट' म्हणतात. वकिलाकडे असतो तोच शब्द, हे लक्षात ठेवा.

मोहीम जवळजवळ दोन महिन्यांची असते आणि त्यातले चढाईचे दिवस थोडे. बाकीचे चालण्याचे, थांबण्याचे आणि शरीराला पातळ हवेची सवय लावण्याचे. लुकला सुमारे २,८५० मीटरवर आहे. तिथून नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप असे मुक्काम करत ५,३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला पोचायला आठ-दहा दिवस लागतात. धडधाकट माणूस हे अंतर त्याहून कमी दिवसांत चालेल, पण चालायचे नसते. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा नियम आहे. आपले बेळगाव साडेसातशे मीटरवर. सह्याद्रीत आयुष्यभर गड चढलेला माणूसही या बाबतीत नवखाच.

याचे कारण हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो. बेस कॅम्पला तो निम्म्याच्या आसपास येतो. १९८१ साली एका अमेरिकन वैद्यकीय मोहिमेने शिखरावर प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो २५३ भरला, म्हणजे एक तृतीयांश. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू तेवढा कमी होतो. करोनाच्या काळात आपण सगळे बोटाला चिमटा लावून आकडा बघायला शिकलो. त्र्याण्णव दिसले तरी घर घाबरायचे. बेस कॅम्पवर ऐंशीच्या आसपासचा आकडा घेऊन लोक चहा पीत गप्पा मारतात, कारण तो हळूहळू उतरलेला असतो. आपल्याला इथून उचलून एकदम तिथे ठेवले तर गप्पा सुचणार नाहीत.

घाई केली की डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. त्याहून पुढे गेले तर फुफ्फुसात पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते आणि एका रात्रीत माणूस जातो. या आजारावरच्या मूळ संशोधनात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९६२च्या युद्धानंतर सखल भागातले जवान एकदम उंच सरहद्दीवर न्यावे लागले. लष्करातील डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात.

मला हमखास विचारतात, "डॉक्टर, तुमच्या गोळ्यांत उंचीवर काही आहे का?" होमिओपॅथीच्या ग्रंथांत या त्रासासाठी कोका नावाचे औषध सांगितलेले आहे. तरीही मी स्पष्ट सांगतो. फुफ्फुसात पाणी झाले की उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे, आणि मिळेल तर प्राणवायू. आधी घ्यायच्या ज्या गोळ्या आहेत त्यांच्यासाठी मी त्या विषयातल्या एम.डी. डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो. डब्यातल्या साबुदाण्यावर विसंबून कुणी वर चढू नये. माझ्या पॅथीवर माझे प्रेम आहे, म्हणूनच हे मी बोलले पाहिजे.

आता बेस कॅम्पचा दिवस बघू. हा कॅम्प खुंबू हिमनदीवर, म्हणजे सरकत्या बर्फावर असतो. वर दगडगोटे, खाली बर्फ. दगड रचून तंबूसाठी ओटा करायचा, आणि ऊन वाढले की बर्फ वितळून तोच ओटा पुन्हा सारखा करायचा. रात्री खालून बर्फ तडकल्याचे आवाज येतात, लांब कुठेतरी कडा कोसळतो. सकाळी स्वयंपाकघरातला मुलगा तंबूच्या दाराशी गरम चहा आणून देतो. पाणी तिथे ८३ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. भूक मरते, तरी खावे लागते. कोरड्या थंड हवेने खोकला लागतो. तिथे त्याला 'खुंबू कफ' म्हणतात, आणि काहींच्या तो बरगड्या दुखवतो. झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि दचकून जाग येते. दुपारी पत्ते, पुस्तके, कपडे धुणे. मग हवामानाच्या अंदाजाची वाट बघणे.

आमच्या जैन मंडळींचा प्रश्न जेवणाचा. खुंबूची सगळी भिस्त बटाट्यावर. ज्यांनी कंदमूळ सोडले आहे त्यांनी डाळ-भात, भाजलेल्या जवाचे त्सांपा आणि घरून नेलेला खाखरा, सुकामेवा यांवर राहायची तयारी ठेवावी. पण तिथे एक गोष्ट मनाला फार भावते. खुंबूच्या बौद्ध परंपरेत त्या खोऱ्यात प्राणी मारणे वर्ज्य मानतात. मांस येते ते खालच्या गावांतून, कुणाच्या तरी पाठीवर. चढाई सुरू होण्याआधी दगडांचा चौथरा रचून पूजा होते. लामा मंत्र म्हणतात, धूप जळतो, पताकांच्या माळा चढतात. बर्फाच्या कुऱ्हाडी आणि बुटांचे लोखंडी काटे चौथऱ्याला टेकवून ठेवतात. देवीच्या अंगावर काटे घालून पाय ठेवणार, त्याबद्दल आधीच क्षमा मागायची. आपल्याकडे पर्युषणानंतर क्षमावाणी असते. इथे ती आधी होते, एवढाच फरक.

हे सगळे पेलतात शेर्पा. शेर्पा हे हुद्द्याचे नाव नव्हे, एका समाजाचे नाव आहे. पूर्वेकडून आलेले लोक, असा त्याचा अर्थ. त्यांच्यात मुलांना जन्मवाराचे नाव ठेवतात : सोमवारी दावा, बुधवारी ल्हाक्पा, शुक्रवारी पासांग. म्हणून एकेका मोहिमेत दोन-तीन पासांग भेटतात. कामी रिता शेर्पा यांनी मे २०२५ मध्ये एकतिसाव्यांदा शिखर गाठले. ती त्यांची नोकरी आहे.

बेस कॅम्पच्या लगेच वर खुंबूचा हिमप्रपात आहे. घराएवढे बर्फाचे कडे आणि खोल भेगा, सगळे रोज सरकणारे. भेगांवर अॅल्युमिनियमच्या शिड्या टाकून, दोर बांधून वाट करणाऱ्या शेर्पांच्या तुकडीला 'आइसफॉल डॉक्टर' म्हणतात. मी हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्या पाटीवरच्या त्याच शब्दाचा मला थोडा संकोच वाटला. प्रपातापलीकडे सहा हजारांवर पहिला कॅम्प, ६,४०० वर दुसरा, ७,२०० च्या आसपास ल्होत्सेच्या उतारावर तिसरा आणि ७,९०० मीटरच्या वर साउथ कोलला चौथा. क्लाएंट हा प्रपात मोजक्या वेळा ओलांडतो. हल्ली सवयीची चढाई शेजारच्या लोबुचे शिखरावर करून त्या खेपा आणखी कमी करतात. पण तंबू, गॅस, अन्न, प्राणवायूच्या बाटल्या वर न्यायच्या तर शेर्पाला पुन्हा पुन्हा जावेच लागते. म्हणजे जोखीम नाहीशी होत नाही, एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जाते.

१८ एप्रिल २०१४ रोजी या प्रपातात कडा कोसळला आणि सोळा जण मेले. सोळाही नेपाळी कामगार, माल घेऊन वर निघालेले. सरकारने तातडीची मदत म्हणून कुटुंबामागे चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पा संतापले आणि त्या बाजूचा हंगाम तिथेच थांबला. ही गोष्ट नवी नाही. १९२२ साली ब्रिटिशांच्या मोहिमेत हिमलोट आला, तेव्हाही साहेब वाचले आणि सात भारवाहक गेले.

आमच्या धर्मात कर्माचे तीन मार्ग सांगितले आहेत : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केले त्याला मान डोलावलेली. तिन्हींचा बंध लागतो. लहानपणापासून हे प्रवचनात ऐकत आलो, पण मोहिमेचा जमाखर्च वाचताना त्याचा अर्थ उघडा पडला. चढणारा कृत. पैसे देऊन दुसऱ्याला प्रपातातून वीस खेपा करायला लावणारा कारित. आणि स्टेशनवर हार घेऊन उभे राहणारे तुम्ही-आम्ही अनुमोदित. सम्मेदशिखरजीला आमच्या घरांत हा वाद जुनाच आहे. वंदनेची वाट सत्तावीस किलोमीटरची, म्हाताऱ्या माणसाला डोली लागते. मग वंदना कुणाची, बसलेल्याची की वाहणाऱ्याची? डोलीवाल्याच्या घरची चूलही त्यावरच पेटते, हेही खरे. खुंबूतली अनेक पक्की घरे याच पैशांतून उभी राहिली. तेव्हा 'जाऊच नका' म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. जावे, पण हिशेब पूर्ण लिहावा.

शेवटच्या चढाईला साउथ कोलवरून रात्रीच निघतात. डोक्याला दिवा, तोंडावर मुखवटा, हातात दोरावर सरकणारी पकड. परतण्याची वेळ आधी ठरलेली असते. दुपारी एक-दोन वाजले की जिथे असाल तिथून मागे. १० मे १९९६ रोजी नामवंत वाटाड्यांच्या तुकड्यांतले अनेक जण ही वेळ उलटून गेल्यावरही चढत राहिले. संध्याकाळी वादळ आले. दक्षिणेकडे पाच माणसे गेली, त्यांत दोन्ही तुकड्यांचे प्रमुख वाटाडे. त्याच वादळाने उत्तरेकडे आपल्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे तीन जवान नेले. वाटाडे अडाणी नव्हते. पण ज्याने घर गहाण टाकून पैसे भरले, त्याला शिखर समोर दिसत असताना 'फिर' म्हणणे फार कठीण असते. मघाशी 'क्लाएंट' हा शब्द लक्षात ठेवा म्हटले ते यासाठी. वकील अशिलाला 'दावा मागे घ्या' म्हणू शकतो, दोन तासांत जीव जाणार नसतो. इथे जातो.

दुसरीही वाट आहे. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एव्हरेस्टवर पोचले. शेर्पा त्यांच्याबरोबरही होते. पण त्यामागे वर्षानुवर्षे सह्याद्रीत आणि हिमालयात एकमेकांना ओळखत चढलेली माणसे होती, आणि पैसा लोकवर्गणीतून उभा केलेला. सोबत्याची चाल बिघडली हे ओळखायला त्यांना चिमट्यावरचा आकडा लागत नाही.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी निघाली तर सर्टिफिकेटाआधी चार प्रश्न विचारा. आधी सहा हजारांचे, सात हजारांचे शिखर केले आहेस का? कंपनी शेर्पांचा विमा किती रकमेचा उतरवते, आणि तुझ्यामुळे त्यांच्या किती खेपा होणार? 'मागे फिर' हा शब्द कोण उच्चारणार, आणि तो ऐकशील असे लिहून देतोस का? आणि परत आल्यावर सत्कारात तुझ्या शेर्पाचे नाव पूर्ण घेशील ना? या प्रश्नांची उत्तरे आली की मी रक्तदाब तपासतो, छाती ऐकतो आणि पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी देतो. काहींना ही चौकशी जाच वाटते. दोघे-तिघे तर त्यानंतर आलेच नाहीत.

संस्थेला माझी एक विनंती आहे. आपल्या भागातून कुणी शिखर करून आला तर याच व्यासपीठावर त्याचा जरूर सत्कार करा. त्या सत्काराच्या थैलीतला एक वाटा ज्याने त्याला दोर बांधून दिला त्याच्या मुलांच्या शाळेसाठी खुंबूला पाठवा. रक्कम लहान असली तरी चालेल.