ऊन आणि वीज



पालम हे गाव सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. साहजिकच, ऊन जितके कडक तितकी सौर पॅनेलची वीज अधिक, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो दूर करणे हे शिक्षकाचे कार्य होय.

पॅनेल वीज निर्माण करते ती प्रकाशापासून, उष्णतेपासून नव्हे. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानास मोजलेली असते. सिलिकॉनचे पॅनेल त्याहून अधिक तापले, की दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती घटते. ६५ अंशांवर, पुरता प्रकाश असूनही, १,००० वॅटचे ८४० वॅटच उरतात. म्हणून पॅनेल दक्षिणाभिमुख व सुमारे १९ अंश कलते असावे, त्याखाली वारा खेळता राहावा, आणि काच थंड असताना सकाळीच धूळ धुवावी.

२०१९ साली सुरू झालेल्या कुसुम योजनेतून सौर पंप शेतापर्यंत पोहोचले. हा हिशेब मुलाने फळ्यावर सोडविलेला असेल, तर मे महिन्याच्या दुपारी पाणी थोडे कमी पडताच पंप बिघडला म्हणून त्याचे वडील खर्चात पडणार नाहीत. शाळेतील गणित शेताच्या कामी येते ते असे.