रजेचा पगार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी पैशांच्या वसुलीविषयी बोलावे, हे कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. परंतु जव्हार-मोखाड्याच्या मुली आज बोईसर-तारापूरच्या नि वाड्याच्या कारखान्यांत कामास जातात, आणि नोकरी सोडून घरी येताना आपल्या हक्काचे पैसे पुष्कळदा तेथेच ठेवून येतात. त्याविषयी मी बोलणार आहे.

नोकरी सुटली की कारकून म्हणतो, “बाई, रजा घेतली नाहीत ती तुमची खुशी. आता नोकरीच नाही, तर रजा कसली?” ऐकणाऱ्या मुलीला ते पटतेही! वास्तविक शिल्लक रजा ही मालकाची बक्षिसी नव्हे. ती कामाच्या दिवसांतून साचलेली मजुरीच होय.

१९४५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी रजा ठरली. त्याच वर्षी आपल्या शेजारी डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली स्त्रीपुरुष वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी उठले होते. कारखान्यात रजेचाही पगार, आणि रानात केलेल्या कामाचाही नाही, असे ते वर्ष!

पुढे १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली. मात्र वर्षात २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हापासून १८० दिवस पुरतात. बाळंतपणाच्या रजेचे सव्वीस आठवड्यांपर्यंतचे दिवस या १८० मध्ये धरतात. त्या दिवसांवर नवी रजा मात्र साचत नाही. नोकरी मध्येच सुटली, तर १८० भरले नसले तरी केलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे मिळावयास हवेत. समजा, २६० दिवस काम झाले, एकही रजा घेतली नाही आणि रोज ४०० रुपये पडतो. तेरा दिवसांचे ५,२०० रुपये झाले. पावसाळ्याच्या तोंडावर ही रक्कम लहान नाही.

हे पैसे नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यावयाचे असतात. ते देताना, किंवा न देताच, एका छापील कागदावर सही घेतात. त्यात ‘माझा सर्व हिशेब पावला’ अशी एक ओळ असते. ती वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर कागद घरी आणावा. सही करणे भागच पडले, तर वर स्वतःच्या हाताने ‘रजेचा पगार येणे बाकी’ एवढे लिहावे. घाई दाखविणाऱ्या कारकुनाला थांबावयास लावण्यात उद्धटपणा काहीच नाही.

पैसे न आल्यास प्रथम मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे आणि पावती जपावी. मग कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. मुदत तीन वर्षांची आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने मालकावर टाकला आहे. पण आपण तेथे कामाला होतो हे दाखविण्यास ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक हाताशी हवे. एकाच कारखान्यातल्या अनेकींना मिळून एकच अर्ज करता येतो. रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते, आणि मालक ऐकत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. ती वसुली कशी असते, हे आपल्या घरच्यांना वेगळे सांगावयास नको! कंत्राटदाराने हात वर केले, तर कारखान्याचा मालक जबाबदार राहतो. वकील लागल्यास विधी सेवा समितीकडून स्त्रियांना तो विनामूल्य मिळतो; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या भगिनी विचारतील, “आमचे काय?” तेथे रजेचे नावही कोणी काढीत नाही, हे खरे. पण खर्चीचा आणि थापलेल्या विटांचा आकडा दर आठवड्याला आपल्या वहीत उतरविला, तर थकलेल्या मजुरीसाठी हाच अर्ज चालतो. बयाण्यापोटी माणसाला अडकवून ठेवणे तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

कार्यक्रम आटोपल्यावर मी ओसरीवर बसणार आहे. ज्यांच्याजवळ पगाराच्या चिठ्ठ्या असतील त्यांनी घेऊन याव्यात. अर्जाचा मसुदा आजच लिहून देईन.