सांगितलेला वारसा टिकतो



भिन्न वंश, धर्म आणि देश ज्या कुटुंबात एकत्र येतात, त्याच्या वारशाला मिश्र वारसा म्हणतात, आणि तो इतरांना सांगितला गेला, तरच घराबाहेर टिकतो.

सादिया शेपर्ड यांचा २००८चा ‘इन सर्च ऑफ द बेने इस्राएल’ हा माहितीपट याचे उदाहरण आहे.

त्यांचे वडील अमेरिकी ख्रिस्ती, आई पाकिस्तानी मुस्लिम, तर आजी मूळची बेने इस्राएल, म्हणजे कोकणात स्थिरावलेल्या मराठीभाषक ज्यू समाजातील होती.

तेल गाळणारा हा समाज शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतिदिनी, घाणा बंद ठेवी. म्हणून त्याला ‘शनिवार तेली’ म्हणत.

ठाण्यात या समाजाचे १८७९ मधील सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आजही उभे आहे.

अशा स्वतंत्र माहितीपटामागे मोठी वितरणसंस्था सहसा नसते. त्यामुळे ग्रंथालयात, शाळेत किंवा समाजमंदिरात तो दाखवून नंतर चर्चा घडवणे, हा त्याच्या प्रसाराचा सोपा मार्ग ठरतो.

श्रोत्यांनीही घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी ऐकाव्यात, नोंदवाव्यात आणि इतरांना सांगाव्यात, कारण सांगितलेला वारसाच टिकतो.