सूचना लावली, निरोप पोचला का?



जळगावात उंच इमारत म्हटली की पूर्वी डोळ्यांसमोर यायची ती महापालिकेची सतरा मजली. राहायला मात्र स्वतःचा प्लॉट आणि पुढे अंगण, हीच आपली घराची कल्पना. आता कॉलनी-कॉलनीत फ्लॅट झाले. जिना सामाईक झाला, टाकी सामाईक झाली. पण कारभार सामाईक झाला का? माझ्याच चुकीची एक गोष्ट सांगतो.

निवृत्तीनंतर मी आमच्या सोसायटीचा सचिव झालो. वीस फ्लॅटची इमारत. एका उन्हाळ्यात लिफ्ट बंद पडली. खर्च मोठा होता, म्हणून विशेष सभा बोलावली. सूचना टाइप करून जिन्याखालच्या फळ्यावर लावली. भाषा अगदी कायद्याची : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.’ सभेला सातजण आले. अर्धा तास थांबलो, तहकूब सभा पुन्हा भरवली आणि ठराव मंजूर केला. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. कागदावर सगळे चोख होते.

तळमजल्यावरच्या एका मावशींनी मात्र वर्गणी दिली नाही. ‘आम्ही कधी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही,’ असे त्यांनी शेजारणीला सांगितल्याचे कानावर आले. मी त्यांचे नाव थकबाकीदार म्हणून त्याच फळ्यावर लिहिले. त्यानंतर त्या जिन्याकडे फिरकेनात. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिले, बसायला सांगितले आणि म्हणाल्या, “भाऊ, पैसा देसू. पन माले कोनी इचारं का?”

मावशींना वाचता येत नव्हते. तीन वर्षे मी सचिव होतो आणि मला हे ठाऊक नव्हते. फळ्यावर त्यांचे नाव लागले आहे, हेसुद्धा त्यांना दुसऱ्याच कुणी तरी सांगितले होते.

मी घरून उपविधींचे पुस्तक आणले आणि मोठ्याने वाचून दाखवले. ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथल्या सर्व सदस्यांनी तिच्या देखभालीचा खर्च सारखा वाटून घ्यायचा. वापर असो वा नसो. त्यांनी ऐकून घेतले. मग शांतपणे विचारले, “आणि पाण्याचं?” मी पान उलटले. पाणीपट्टी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून आकारायची, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. आम्ही मात्र वर्षानुवर्षे सर्वांकडून सारखीच रक्कम घेत होतो. मावशींकडे तीन नळ, माझ्याकडे सात!

त्यांनी लिफ्टचे पैसे त्याच दिवशी दिले. मी फळ्यावरचे नाव पुसले आणि पुढच्या सभेत पाण्याचा विषय मांडला. वरच्या मजल्यांवर कुरकुर झाली, पण आकारणी बदलली. मागचा फरक सभेने एकाच वर्षापुरता वळता करून दिला. बाकीचा मावशींनी सोडला. मी मात्र तो विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. सूचना फळ्यावर लागतेच, वार्षिक सभेची पूर्ण चौदा दिवस आधी. पण तिच्याबरोबर समितीतला एकजण घरोघर जाऊन विषय सांगतो. मराठीत, लागेल तिथे अहिराणीत किंवा हिंदीत. पुण्याला आणि सुरतेला राहणाऱ्या मालकांना फोनवर आवाजी संदेश जातो. भाडेकरूला मत नसते, पण पाणी केव्हा बंद राहणार हे त्यालाही कळायला हवे. ‘किती पैसे’ याच्याबरोबर ‘कशाचे आणि कोणत्या नियमाने’ हेही सांगतो. गेल्या सभेला चौदाजण आले. वीस सदस्यांत दोन तृतीयांश म्हणजे चौदाच. त्या दिवशी सभा तहकूब करावी लागली नाही.

हा सगळा प्रकार मी मोठ्या उत्साहाने धुळ्याला, देवपुरात राहणाऱ्या माझ्या बहिणीला सांगितला. तिनेही तिच्या इमारतीत नळ मोजायची मागणी केली आणि तिथे वाद झाला. कारण तिची इमारत सहकारी संस्था नव्हतीच. ती १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालची. तिथे सामाईक जागेत ज्याचा जितका टक्का हिस्सा, त्या प्रमाणात त्याचा सामाईक खर्च आणि त्याच प्रमाणात त्याचे मत. सहकारी संस्थेत मात्र १९६०च्या कायद्याप्रमाणे एका सदस्याला एक मत, फ्लॅट लहान असो की मोठा. आपण बोलताना दोन्हींना ‘सोसायटी’च म्हणतो. बहिणीच्या इमारतीत मग एका रविवारी गच्चीवर बसून घोषणापत्र सर्वांना वाचून दाखवले गेले. आपला हिस्सा किती टक्के, हे कित्येकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

श्रोतेहो, सहकारी गृहनिर्माण आपल्याकडे नवे नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली अशी संस्था उभी केली. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्या, समितीत महिलांसाठी जागा राखा, हे आज कायदाच सांगतो. पण सभेचा विषय शेजारच्या मावशींना समजला का, हे काही कायदा दारावर येऊन पाहत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते.

तुमच्या जिन्याखालच्या फळ्यावर आज एखादी सूचना असेल, तर ती जरूर वाचा. आणि वर जाता जाता ज्यांना ती वाचता येत नाही, त्यांच्या दाराची कडी वाजवा. कदाचित तुम्ही न वाचलेल्या पानाबद्दल तेच तुम्हाला विचारतील.